काठीच्या होळीचा आलेख

सारंगखेड्याची यात्रा भरली की शहाद्याच्या स्टँडवर एसटीत जागा मिळणं म्हणजे लॉटरी लागण्यासारखंच. दामिनीने त्या संध्याकाळी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, धक्के खात वर चढली, आणि बघते तर रुमालावर एक तरुण निवांत बसलेला.

“हा माझा रुमाल आहे,” ती म्हणाली.

“मऊ आहे,” तो म्हणाला... आणि अंग चोरून खिडकीकडे सरकला.

एरवी दामिनीने त्याची बिनपाण्याने केली असती. कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवणारी बाई ती. तिचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. तोंड उघडलंही होतं. पण तिची नजर त्याच्या मांडीवरच्या कागदांवर गेली आणि ती मुकाट्याने शेजारी बसली. पहिल्या पानावर लेखकाचं नाव होतं — डी. जी. पाटील. दामिनी गिरधर पाटील. म्हणजे ती स्वतःच!

“काय वाचताय?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“पाटील सरांचा शोधनिबंध. काय माणूस असेल हो! आपण सगळे इथलेच. डोंगरातल्या काठी गावची होळी बघतो, फोटो काढतो, घरी येऊन झोपतो. या माणसाला सुचलं की नाचणाऱ्यांच्या छातीला पट्टा बांधावा आणि रात्रभर त्यांचं हृदय मोजावं!”

“कसे असतील हो दिसायला तुमचे पाटील सर?”

“पन्नाशीचे असणार.” तो गंभीरपणे विचार करू लागला. “टक्कल. पोट थोडं सुटलेलं. आणि कान मोठे.”

“कान का?”

“हुशार माणसांचे असतात.”

दामिनीचा हात नकळत कानाकडे गेला. गाडी हलली. केळीच्या बागांवरून गार वारा आत आला आणि त्याच्या मांडीवरचे कागद फडफडले. दोघांनी एकदमच ते धरले.

“मी ओळखते त्यांना,” ती म्हणाली.

“खरंच? गाठ घालून द्याल?”

“देईन. पण रागीट आहेत जरा. कुणी रुमालावर बसलेलं त्यांना अजिबात खपत नाही.”

तो हसला... मग हसायचा थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, पानावरच्या नावाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. आणि पुढचा अर्धा तास तो दामिनीच्या रुमालाची घडी घालत आणि मोडत राहिला.

त्याचं नाव श्रेणिक. शहाद्यातल्या उमेदमल कापडवाल्यांचा मुलगा. तीन पिढ्यांत पहिल्यांदाच कुणीतरी कापड सोडून काळीज मोजायला निघालं होतं. बडोद्याला तो व्यायामाच्या शरीरशास्त्रात पीएचडी करत होता. माणूस धावतो, नाचतो, ओझं उचलतो, तेव्हा त्याच्या हृदयाचं, फुप्फुसांचं, स्नायूंचं काय होतं याचा तो अभ्यास. दामिनीचंही शास्त्र तेच.

सहा वर्षांपूर्वी काठीजवळच्या एका पाड्यावरच्या होळीत तिने बुध्यांना पट्टे दिले होते. बुध्या म्हणजे कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून रात्रभर नाचणारे नवसाचे नाचे. निकाल असा आला की दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत नाचूनही त्यांच्या हृदयाचे ठोके जागचे हलत नाहीत. आलेखात थकवा म्हणून कुठे दिसतच नाही. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकाने तो निबंध छापला, आणि मग जगभरचे संशोधक आपापल्या लेखांत त्याचा आधार देऊ लागले. सायटेशन म्हणतात त्याला. बघता बघता दीडशेच्या वर गेली. कॉलेजला त्या जोरावर प्रयोगशाळा मिळाली, धावायचं यंत्र आलं. आणि घरी बत्तीस वर्षांच्या मुलीला ‘लग्नाचं काय’ असं कुणी विचारेनासं झालं.

तिचे वडील गिरधर पाटील तर पारावर बसून सांगायचे, “मन्ही पोर आठे लिखस, आन् सात समुद्रापल्याड लोके वाचतंस!” केळीच्या भावापेक्षा त्यांना सायटेशनचा आकडा जास्त तोंडपाठ असायचा.

तर सांगायचं म्हणजे, दामिनीपाशी जे काही होतं ते सगळं त्या एका निबंधावर उभं होतं.

श्रेणिक येत्या होळीत तोच प्रयोग नव्या, जास्त बारकाईने मोजणाऱ्या पट्ट्यांनी करणार होता. त्याच्या तयारीसाठी म्हणून तो तिच्या प्रयोगशाळेत येऊ लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग काही कारण नसताना. “मॅडम” चं “दामिनीजी” झालं, आणि एका दुपारी तर तोंडातून नुसतंच “दामिनी” निघून गेलं. तिने ऐकलं. ऐकलंच नाही असं दाखवलं.

एकदा नवा पट्टा तपासायचा म्हणून ती यंत्रावर चढली. श्रेणिक पडद्यासमोर बसला.

“चाला सावकाश... छान. एकदम स्थिर आहे.”

“धावपटू होते मी. विद्यापीठाकडून धावलेय.”

“माहीत आहे.” तो उठून यंत्राजवळ आला. “तुमच्या कपाळावर केस आलेत... बाजूला करू का?”

पडद्यावरचा आकडा टुणकन वर गेला. वेग तोच, चढ तोच, आकडा मात्र चढतच निघाला. श्रेणिकने मान वळवून पडदा पाहिला आणि गालात हसला.

“पट्टा बिघडलाय,” दामिनी घाईने म्हणाली.

“पट्टा खोटं बोलस, का तू?” तो अहिराणीत उतरला. तिच्या घरची भाषा त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती ती.

“तू आधी दूर सरक. मंग सांगस.”

तो सरकला नाही. तिने यंत्र बंद केलं, पण आकडा बराच वेळ खाली यायला तयार नव्हता.

रोज सकाळी चहाच्या आधी ती मोबाईलवर सायटेशन बघायची. आता बघून झालं की त्याला कळवायची. “आज तुर्कस्तान.” “आज ब्राझील.” एकदा कुठल्याशा देशातल्या मळ्यांवरच्या मजुरांबद्दल लेख आला. त्यात तिचा आधार देऊन म्हटलं होतं की सवय असलेल्या शरीराला रात्रपाळीत विसाव्याची फारशी गरज नसते. श्रेणिकने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, “बघ, तुझ्या शब्दावर लोक मळे चालवायला लागले!” दामिनी त्या दिवशी हवेत होती. खोटं कशाला सांगू, खूप अभिमान वाटला होता तिला.

होळीला दोघं काठीकडे गेली. डोंगरात मोहाची फुलं पडायला लागली होती; जीपमधून उतरताच तो गोड, आंबूस वास अंगावर आला. पाड्यावर बाज्या भेटला. सहा वर्षांपूर्वी पट्टा बांधून नाचलेला बुध्या. अंगभर राख, राखेवर पांढरे ठिपके. हसला तेव्हाच ओळखू आला.

नवस पाळणाऱ्याच्या अंगाला त्या दिवसांत बाईमाणसाचा हात लागलेला चालत नाही. म्हणून पट्टे म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या हाती द्यायचे आणि आपण लांब उभं राहायचं, अशी रीत. पुजाऱ्याने पट्टे टोपाशेजारी, भोपळ्यांशेजारी मांडले, सगळ्यांवर कुंकू वाहिलं आणि मग एकेक बांधायला घेतला.

“मागच्या वेळीही अशीच पूजा केली होती,” दामिनी श्रेणिकच्या कानाशी म्हणाली. “तेव्हाच वाटलं मला, यांनी आपला पट्टा आपलासा केला.”

पहाटे होळी पेटली. ऊन वर आल्यावर तिला दिसलं, श्रेणिक मोहाच्या झाडाखाली लॅपटॉप घेऊन बसलाय आणि बाज्या शेजारी उकिडवा बसून त्याला काहीतरी सांगतोय. ती जवळ गेली तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता.

“आलेख कसे आले?” तिने विचारलं.

“घामाने... बरेचसे खराब झालेत,” तो म्हणाला.

परतताना मोलगीच्या रस्त्याला जीप लागली. श्रेणिक गप्प. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा माणूस, आणि आज नुसता बाहेर बघत होता. दामिनीला आतून गुदगुल्या होत होत्या. हे असं गप्प बसणं ती ओळखून होती, निदान तिला तसं वाटत होतं.

“दामिनी... तुला एक सांगायचंय.”

“सांग ना.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालाला होळीची राख लागली होती, डोळे जागरणाने लाल झाले होते, आणि तरी ती अशी काही फुललेली दिसत होती की... त्याचे ओठ हलले, थांबले.

“लग्न करशील माझ्याशी?”

दामिनी खळखळून हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “यंत्रावर उभं करून विचारायचं होतंस,” ती म्हणाली. “उत्तर पडद्यावरच दिसलं असतं.”

पुढचा महिना सुखात गेला. गुजर पाटलांची मुलगी आणि मारवाड्याचा मुलगा म्हणून दोन्ही घरी थोडी कुरकुर झाली, पण गिरधर पाटलांनीच ती मोडून काढली. “तो तिन्हा कागद वाचस, आखो काय पाहिजे?” साखरपुडा मे महिन्यात करायचं ठरलं.

आणि एप्रिलच्या एका रणरणत्या दुपारी दामिनीला शहाद्याच्या स्टँडवर बाज्या दिसला. बाजाराला आला होता. तिने त्याला चहाच्या टपरीवर ओढतच नेलं, साखरपुड्याचं आमंत्रण दिलं.

“येऊ की, ताई. माझ्या भावाला, दोधूला पण आणू. त्याचा पाय बरा आहे आता.”

“काय झालं दोधूला?”

“होळीला मुरगळला ना. अर्धी रात्रसुद्धा नाचला नाही तो. उरलेली सगळी रात मलाच काढावी लागली.”

दामिनीने कप खाली ठेवला. “दोधूला कुठे पट्टा दिला होता आपण? पट्टा तुलाच होता.”

“हां, तोच.” बाज्या समजावून सांगावं तसं बोलू लागला. “आमच्या घरात बुध्या एक, ताई. मी थकलो की दोधू घालतो, दोधू थकला की मी. टोप, भोपळे, घुंगरू, पट्टा... पूजेतलं सगळं एकत्रच जातं. एक जरी मागं राहिलं तर नवस मोडला. यंदा दोधूचा पाय गेला म्हणून मी एकटा. लई दम लागला.”

“आणि... सहा वर्षांपूर्वी?”

“तेव्हा तर तिघं होतो. धाकटा गुजरातला गेला नव्हता.” तो हसला. “सगळ्या पाड्यात असंच, ताई. श्रेणिकभाऊला सांगितलं की मी त्याच सकाळी. त्यांनी लगेच विचारलं, तुझ्या एकट्याचेच ठोके कसे चढले म्हणून. तुम्ही कधी विचारलंच नाही.”

टपरीवाल्याने विचारलं, आणखी एक कटिंग देऊ का. दामिनीला ऐकूच आलं नाही. राख फासलेली, टोप घातलेली, ठिपक्या-ठिपक्यांची ती माणसं तिच्या डोळ्यांपुढे नाचत होती. लांबून सगळी सारखीच दिसायची. एक दमला की ताज्या दमाचा दुसरा, तो दमला की तिसरा. मग ठोके चढणार कसे? आलेखात थकवा दिसणार कुठून? दीडशे संशोधकांनी ज्याच्यावर विश्वास ठेवला तो न थकणारा अजब माणूस कधी नव्हताच.

श्रेणिक दुसऱ्या दिवशी सारंगखेड्याला, तिच्या गावी आला. तापीच्या पुलाखाली, काठावर दोघं उभी राहिली. पाणी संथ होतं, पलीकडे कुणीतरी घोडा धूत होतं.

“तू माले काबर नही सांगं?” तिने विचारलं. आवाज चढवला नाही. मैदान गाजवणारा तो आवाज त्या दिवशी निघतच नव्हता.

श्रेणिकला विचारावं लागलं नाही, कशाबद्दल ते. “सांगणार होतो. तुझा चेहरा बघितला आणि... दामिनी, कुणालाच कळणार नाही. मी माझ्या प्रबंधातून ते आलेख काढून टाकलेत. दुसरा विषय घेतो. तुझा निबंध आहे तसा राहील.”

“आणि ते मळ्यांवरचे मजूर?”

तो पलीकडे घोडा धुणाऱ्याकडे बघू लागला.

“माझ्या नावाने लिहिलंय कुणीतरी, की त्यांना विसावा नको. माझ्या नावाने, श्रेणिक! आणि मी त्या दिवशी पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते.” ती त्याच्याकडे वळली. “मी निबंध मागे घेतेय. काल रात्रीच पत्र पाठवलं.”

“दामिनी! प्रयोगशाळा जाईल. तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही. तुझ्या आप्पांना काय—”

“मला कळतं सगळं.”

“माझ्यावर ढकल. म्हण, श्रेणिकने चूक शोधली. आपण दोघं मिळून पुन्हा प्रयोग करू, नीट करू. लग्न झाल्यावर...”

“जीपमध्ये,” तिने त्याला मध्येच तोडलं, “‘तुला एक सांगायचंय’ असं म्हणालास. तेव्हा हेच सांगायचं होतं ना?”

श्रेणिकने खोटं बोलायला हवं होतं का, कोण जाणे. त्याने मान खाली घातली.

“सांगायचं होतं एक, आणि विचारलंस दुसरंच,” ती म्हणाली. “मी किती हसले रे तेव्हा... आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते. आणि तू ते झाकायला हे विचारलंस.”

“तसं नाही! प्रेम होतंच. आधीपासून होतं. आजही आहे, दामिनी, शपथ घेऊन सांगतो.”

“माहीत आहे मला. म्हणून तर...” तिने ओढणी तोंडाशी धरली. “तू वाईट नाहीस. पण आता तू ‘जेवलीस का’ असं विचारलंस तरी मला वाटेल, हा काहीतरी लपवतोय. तू गजरा आणलास तरी मी विचार करीन, आज काय झालं असेल. असं घर मी कसं चालवू?”

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, घट्ट धरला. दोघंही रडली. मग तिने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, “तुझे आलेख पूर्ण छाप. एकही काढायचा नाही. माझं नाव घालून लिही, की या बाईचं चुकलं. एवढं कर माझ्यासाठी.”

“ते माझ्याच हातून?”

“मंग कोणा हातथून? परक्यांच्या?”

मे महिना आला. साखरपुड्याच्या तारखेला पाटलांच्या घरी नेहमीचा स्वयंपाक झाला. नियतकालिकाने निबंधावर ‘मागे घेतला’ असा लाल शिक्का मारला. कॉलेजच्या प्राचार्यांनी चहा पाजून, अतिशय गोड बोलून, पुढच्या वर्षी तिची गरज नसल्याचं सांगितलं. यंत्रावर पांढरी चादर पडली. मळ्यांवरच्या त्या लेखाच्या लेखकालाही तिने लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. गंमत बघा, सायटेशन मात्र वाढतच राहिली. शिक्का न वाचता लोक आधार देतच होते, आणि दामिनी रोज सकाळी बसून एकेकाला कळवत होती की माझ्यावर विश्वास ठेवू नका.

श्रेणिक कायमचा बडोद्याला निघाला त्या दिवशी ती नंदुरबार स्टेशनवर गेली. जायचं नाही असं ठरवलं होतं. पाय निघाले.

“छापायला दिलंय,” तो म्हणाला. “तू म्हणालीस तसंच. एकही आलेख वगळला नाही.”

“बरं केलंस.”

“आता तर लपवायला माझ्यापाशी काहीच नाही, दामिनी. आता विचारलं तर?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांखाली काळं आलेलं, दाढी वाढलेली. हा माणूस तिला हवा होता, अजून तितकाच हवा होता. त्याच्या तोंडून तेच शब्द पुन्हा ऐकायला तिचा जीव तुटत होता. आणि ते शब्द आठवले की लगेच जीपमधली ती क्षणभराची थांबलेली जीभ आठवत होती.

“नको विचारूस,” ती म्हणाली. “मी हो म्हणेन. आणि मग तुला आयुष्यभर छळीन.”

गाडी सुटली. तो दारात उभा होता, हात हलवत नव्हता. नुसता बघत होता. तीही बघत राहिली, फलाटाचं टोक येईपर्यंत.

घरी पोचली तेव्हा गिरधर पाटील ओट्यावर बसले होते. हल्ली ते पारावर जात नसत. लेकीचे डोळे बघून त्यांनी काय ते ओळखलं.

“गया?”

“गया, आप्पा.”

त्यांनी बाजूला सरकून तिला जागा करून दिली. मग रागाने नव्हे, अगदी काळजीने विचारलं, “निबंध गया, नोकरी गयी, पोऱ्या बी गया. आते तुन्हाजोडे काय ऱ्हायनं, बेटा?”

मी खरं वागले, असं दामिनीला म्हणता आलं असतं. कुणी पुस्तकात तसं लिहिलंही असतं. पण ते तिला त्या क्षणी नको होतं. ती वडिलांच्या शेजारी खाली बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. तिला श्रेणिक हवा होता. आणि त्याची गाडी एव्हाना नवापूर सोडून गुजरातेत शिरली होती.